हजार पायऱ्या मागं

"बंद कर, मावशी. हात जोडते तुला."

"जोड की. हात काही झिजत नाहीत. मी बंद करणार नाही."

"अगं, या कम्प्युटरचा पंखा ऐक! धाप लागलीय नुसती. माणूस असता तर आत्तापर्यंत सलाईन लावलं असतं."

"आणि माणूस असता तर 'बंद कर' म्हणाली असतीस?"

"शब्दात पकडू नकोस मला. शाळेचे सहाशे दहा फोटो पडलेत. सहाशे दहा पोरं! सगळ्यांच्या मागचा पडदा निळा करायचा, सगळ्यांच्या कॉलरी सरळ करायच्या. उद्या सकाळी ओळखपत्रं छापायला जाणार. आणि एकेक फोटो उघडायला चार मिनिटं. कर गुणाकार. पाढे तूच शिकवलेस."

"दुसऱ्या मशीनवर कर."

"दुसरं मशीन! त्याच्यावर नुसता पत्ता टाइप केला तरी ते विचारात पडतं."

"मग थांब थोडी."

"एकोणीस दिवस थांबलेय! एकोणीस दिवस ती एक फाइल उघडी आहे. मी आत आले की झाकतेस. कुणाचं काम आहे एवढं? कोण गिऱ्हाईक आहे, मला कळू दे तरी!"

मावशीनं चष्मा काढला, बाहीला पुसला आणि परत नाकावर ठेवला. तिनं चष्मा पुसला की बोलणं संपलं, हे भाचीला लहानपणापासून माहीत होतं. ती पाय आपटत पुढच्या खोलीत गेली आणि तिथूनच ओरडली, "मी त्या मशीनवाल्या रीस्टार्टला बोलावतेय! तो आला की तुझं काही चालायचं नाही!"

"बोलाव. त्यालाही चहा लागेल, दूध आण."

गल्लीत मावशीला खोडरबर म्हणायचे. तोंडावर मावशी, पाठीमागं खोडरबर, आणि तिला दोन्ही माहीत होतं. पहिल्या मजल्यावरच्या या दोन खोल्यांच्या स्टुडिओत माणूस जसा यायचा तसा फोटोत जायचा नाही, एवढाच त्या नावाचा अर्थ. मुरमं, वांग, डोळ्यांखालची वर्तुळं, दाढी करताना कापलेलं, मांजरानं ओरबाडलेलं, सगळं जिना उतरेपर्यंत गायब. खाली दुकान असलेला घड्याळजी लोकांना सांगायचा, "हिच्याकडून फोटो जरूर काढून घ्या. फक्त नंतर आठवडाभर आरशात बघू नका, उगाच वाद होतात."

सोळाव्या वर्षी बापानं तिला मागच्या खोलीत तिरप्या काचेच्या मेजाशी बसवलं होतं. काचेवर निगेटिव्ह, खालून उजेड, डोळ्याला भिंग. निगेटिव्ह म्हणजे सगळा उलटा कारभार. चेहऱ्यावरची सुरकुती तिथं फिकी दिसते. ती टोकदार पेन्सिलीनं भरायची. रेघ ओढायची नाही, टोचायचं. टुक, टुक, टुक, मुंगीच्या पावलांसारखे ठिपके. आणि चेहऱ्यावर पांढरट डाग असेल तर तो निगेटिव्हवर गडद दिसतो. तो पात्यानं खरडायचा, श्वास रोखून, साय उचलावी तसा. बापानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पेन्सिलीचं पुसता येतं. पात्याचं नाही. पातं उचलायच्या आधी पाणी पिऊन ये, फेरी मारून ये, आणि तरीही वाटलं तरच उचल."

तिला नेहमीच वाटायचं. हात चांगला असणाऱ्यांची हीच गोची असते.

म्हणून चाळीस वर्षांनी भाचीनं कम्प्युटर आणला, त्यात फोटोचं सॉफ्टवेअर टाकलं आणि सांगितलं, "चुकलं तर अंडू," तेव्हा मावशीनं दोनदा विचारलं होतं.

"अंडू म्हणजे?"

"म्हणजे केलं ते केलंच नाही असं."

"असं कसं? केलं ते केलं."

"इथं नाही. बघ." भाचीनं तिच्याच फोटोला झुपकेदार मिशा काढल्या आणि एक बटण दाबून घालवल्या. मावशी हसली नाही. तिनं त्या दुपारी मिशा तीसेक वेळा काढल्या आणि तीसेक वेळा घालवल्या. मग तिला पडद्याच्या उजव्या कडेची यादी सापडली. ब्रशचा प्रत्येक स्पर्श तिथं एकेका ओळीत लिहिला जायचा आणि ओळीवर बोट ठेवलं की चित्र तेवढं मागं जायचं. भाची त्याला हिस्टरी म्हणायची, मावशी पायऱ्या. किती पायऱ्या आठवणीत ठेवायच्या हे सांगायची एक चौकट होती. तिथं पन्नास लिहिलं होतं. 'जास्तीत जास्त हजार', असं बाजूला बारीक अक्षरात होतं. मावशीनं हजार लिहिलं. जास्तीत जास्त वगैरे तिच्या डोक्यात गेलंच नाही; हजार म्हणजे तिच्या लेखी मोजता न येण्याइतके.

एकच खोट होती. फाइल बंद केली की यादी कोरी. म्हणून मग ती बंद करेनाशी झाली.

तरी आधीच्या फाइली दोन-तीन दिवसांच्या असायच्या. ही एकोणीस दिवसांची होती आणि ती तिच्या बहिणीची होती.

बहीण धाकटी. भाचीची आई. नऊ वर्षांची असताना उकळत्या पाण्याची किटली तिच्यावर कलंडली आणि डाव्या गालावर, डोळ्याखालून जबड्याकडे जाणारा एक फिकट पांढरा डाग कायमचा राहिला. बाप शिस्तीचा माणूस. बहिणीच्या गालावरची पट्टी निघाली त्या दिवशी त्यानं घरातल्या सगळ्यांना ओळीत उभं करून सांगितलं, "हिच्याशी बोलताना डोळ्यांकडे बघायचं. गालाकडे नाही. जो बघेल त्याची माझ्याशी गाठ आहे." आणि घरानं ते पाळलं. इतकं पाळलं की आई तिची वेणी घालतानासुद्धा उजव्या बाजूला बसायची. मावशी एका ताटात जेवली तिच्याबरोबर, एका पांघरुणात झोपली, केसांच्या पिनांवरून तिच्या झिंज्या उपटल्या. पण गालाकडे बघायचं नाही म्हणजे नाही.

बहीण बावीस वर्षांची झाली तेव्हा बापानं तिचा पहिला नीट फोटो काढला. निगेटिव्ह मावशीच्या मेजावर आलं. ती पाणी प्यायली नाही, फेरी मारली नाही. पातं उचललं आणि तीन तासांत डाग खरडून काढला, असा की भिंगातूनही कुणाला जागा सापडली नसती. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम. धुऊन, वाळवून, मोठं करून तिनं ते बहिणीच्या हातात दिलं, भेट म्हणून.

बहिणीनं फोटो खिडकीशी नेला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "छान आलाय गं. कोण आहे ही?"

आणि हसली. मावशीही हसली. तिला ती शाबासकी वाटली होती. पुढं तीन फोटो झाले, लग्नाचा एक, मूल पोटात असतानाचा एक, मुलीला मांडीवर घेतलेला एक. तिन्ही निगेटिव्ह मावशीच्याच मेजावरून गेली. मुलगी साडेतीन वर्षांची असताना बहिणीला ताप आला. सोमवारी आला आणि शनिवारी ती नव्हती. नवऱ्यानं वर्षभरात दुसरा संसार थाटला. मुलगी मावशीकडे आली ती आलीच.

पहिला फोटो पुढच्या खोलीत भिंतीवर गेला. भाची त्याच्याशी बोलत मोठी झाली. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि भिंतीला दिवसभराची कागाळी सांगायची. गिऱ्हाइकं म्हणायची, "आई का तुझी? काय कांती आहे, जणू लोणी!" पोर फुशारून जायची. मावशी तेव्हा पडदा ओढ, दिवा सरकव असं काहीतरी करत राहायची.

हे असंच चाललं असतं. पण वीस दिवसांपूर्वी जेवणानंतर खुर्चीतच मावशीचा डोळा लागला आणि स्वप्नात बहीण आली. दारात उभी राहिली, "चल ना गं," म्हणाली, आणि तिचा डावा गाल गुळगुळीत होता. भिंतीवरच्या फोटोसारखा. मावशी दचकून उठली. इतकी वर्षं ती येत होती स्वप्नात; कधीपासून अशी येत होती? मावशीनं डोळे मिटून खरा चेहरा आठवायचा प्रयत्न केला. आवाज आला. वेणी आली. दातांतली फट आली. गालाच्या जागी काहीच आलं नाही. बघितलाच नव्हता, तर येणार कुठून?

दुसऱ्या दिवशी तिनं निगेटिव्ह स्कॅन केलं आणि डाग परत घालायला बसली.

चाळीस वर्षं डाग काढणाऱ्या बाईनं डाग घालायला बसायचं, म्हणजे न्हाव्यानं केस लावायला बसण्यासारखं. डोळ्याखाली सुरुवात होती एवढं नक्की. पण कड कशी होती? वाळूवर पाणी ओसरतं तशी, की कागद फाटतो तशी? गालाच्या मधोमध त्वचेचं एक बेट सुटलं होतं, की तिला आपलं वाटतंय? ती टोचत राहिली. टुक, टुक, टुक. चौथ्या दिवशी, चहा हातात असताना, ती आली. पडद्यावर. एका ठिपक्यानं कड वळली आणि बहीण तिथं होती, आता काहीतरी तिरकं बोलणार अशी. मावशीच्या कपातला चहा मांडीवर सांडला.

तेवढ्यात भाची गिऱ्हाइकाला घेऊन आत आली. मावशीनं फाइल झाकली. परत उघडली तर मशीन अडकलं. सुटलं तेव्हा तिनं आणखी थोडं टोचलं, जरा नीट करावं म्हणून, आणि मग आणखी थोडं, आणि बहीण गेली. मावशी घाबरली नाही. आहेच की मागं, यादीत, कुठल्यातरी पायरीवर. सवडीनं जाऊ. पण एक पायरी मागं जायला मशीन आता तीन-चार मिनिटं घ्यायचं. मग तिनं ठरवलं, पुढूनच जाऊ, पुन्हा येईल. आणि नाहीच आली तर पायऱ्या आहेत. फक्त फाइल बंद होता कामा नये.

ती फाइल तिनं एकदाही सेव्ह केली नव्हती. सेव्ह म्हणजे तिला पातं वाटायचं.

रीस्टार्ट साडेअकराला जिना चढून आला, धापा टाकत. पन्नाशीचा, गोल, पाठीवर बॅग. मशीन असो, मिक्सर असो, की मेहुण्याचा बिघडलेला संसार, त्याचं पहिलं औषध एकच असायचं, म्हणून हे नाव.

"मावशी, तुमचा जिना आणि माझे गुडघे, दोघांनाही रीस्टार्ट पाहिजे. काय झालं?"

"काही झालं नाही," मावशी म्हणाली.

"मशीन रांगतंय," भाची म्हणाली. "सकाळी जरा बरं असतं. दुपारपर्यंत म्हातारं होतं."

रीस्टार्टनं खुर्ची ओढली. मावशी आपली जागा सोडेना, म्हणून तो शेजारी तिरका बसला. "हे शेवटचं झोपलं कधी?"

"झोपतं की रोज. मी पडदा काळा करते जाताना."

"पडदा काळा केला म्हणजे झोपलं होय? तुम्ही डोळे मिटून पडलात आणि डोक्यात भाचीच्या लग्नाचा विचार चालू, याला झोप म्हणतात का?"

"माझं लग्न मध्ये आणू नका," भाची म्हणाली.

"नाही आणत. माझ्या हातात असतं तर कधीच आणलं असतं." तो बटणं दाबत गेला. "अगं बाई बाई बाई. एक्केचाळीस फाइली उघड्या? मावशी, गॅसवर शेगड्या किती? चार ना? मग एक्केचाळीस भांडी कशाला चढवलीत? या बंद करतो... घाबरू नका, एवढी एक सोडून. बरं. डिस्क बघू. भरली. हे सॉफ्टवेअर कामाला बसलं की त्याला पसारा मांडायला रिकामी डिस्क लागते, आणि तुम्ही त्याला टाचा टेकवायला जागा ठेवली नाहीत. जुन्या लग्नकार्यांचे फोटो दुसरीकडे हलवा आजच, ताई."

"हलवते. एवढंच?"

"थांबा हो. रोग एक नसतो कधी." तो पुढं वाकला. पंखा क्षणभर शांत झाला होता तो परत घरघरू लागला. "हे काय? हिस्टरी हजार? हे कुणी केलं?"

"मी," मावशी म्हणाली.

"कशाला?"

"मागं जाता यावं म्हणून."

"किती मागं?"

"पहिल्यापर्यंत. ही फाइल सुरू केली तिथपर्यंत."

"कधी सुरू केलीत?"

"एकोणीस दिवस झाले."

रीस्टार्ट हसायला लागला. मग त्यानं मावशीकडे बघितलं आणि हसू अर्ध्यावर ठेवलं. "मावशी, ब्रश कसा चालवता तुम्ही? दाखवा जरा, या कोऱ्या पानावर."

मावशीनं दाखवलं. टुक, टुक, टुक, टुक. पेन्सिल धरावी तसा पेन, मनगट मेजाला टेकलेलं.

"बघितलंत? बाकीचे लोक एक लांब फटकारा मारतात. ती एक पायरी. तुम्ही टोचता. प्रत्येक टुक एक पायरी. आत्ता बोलता बोलता तेवीस झाल्या. या हिशोबानं हजार पायऱ्या म्हणजे किती? तासभर. फार तर दीड."

"मग?"

"मग हजार भरल्यावर नवीन पायरी आली की सगळ्यात जुनी पडते. एक आत, एक बाहेर. बसच्या शेवटच्या रांगेसारखं. नवा चढला की कोपऱ्यातला दारातून बाहेर."

"बाहेर म्हणजे? कुठं ठेवतं ते?"

"कुठं नाही ठेवत. गेली."

मावशीनं पडद्याच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. "पण यादीत आहेत. वर सरकवलं की दिसतात. खूप आहेत."

"हजार आहेत. आजच्या. फार तर काल संध्याकाळच्या." त्यानं पेन घेतला. "तुम्हाला खोटं वाटतंय ना? थांबा, सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊ. सगळ्यात जुनं जे काही शिल्लक आहे ते दाखवतो तुम्हाला."

"नको," मावशी म्हणाली. "आत्ता नको, ती इथं..."

पण त्यानं दाबलं होतं. त्यानं झाकलेली फाइल पडदाभर मोठी केली होती, आणि तिथं फक्त राखाडी रंग आणि गोल फिरणारं चक्र होतं. आता कुणी काही करू शकत नव्हतं. तिघंही बघत राहिले. मावशीला उठून पडद्यावर कापड टाकावंसं वाटलं आणि ती उठली नाही. खाली घड्याळजीच्या दुकानात कुठलंतरी घड्याळ चुकीच्या वेळी वाजलं. मग पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक चौकोन आला, केसांचा. मग कपाळाचा. मग एकेक तुकडा लागत गेला. भिवया. उजवा डोळा. डावा डोळा. त्याच्याखाली पांढरं काहीतरी.

"आई?" भाची म्हणाली.

मावशीनं कड बघितली. ही आज सकाळची. नऊ वाजता तिनं यात थोडा करडा मिसळला होता, चुकला होता, नंतर काढला होता. सगळ्यात जुनी म्हणून जी उरली ती ही. चौथा दिवस त्याच दुपारी, चहा वाळायच्या आत, दारातून बाहेर पडला होता, आणि ती पंधरा दिवस त्याच्यावर विसंबून बसली होती.

"ती गेली," मावशी म्हणाली.

"हे काय लावलंस तिच्या गालाला?" भाची पडद्याजवळ आली. "मावशी? हे काय आहे? कुणी करायला सांगितलं तुला हे?"

रीस्टार्ट उठला. "मी जरा... खालून वरती येणारी वायर बघून येतो," तो म्हणाला. खालून वरती येणारी कसलीही वायर नव्हती. बॅग तिथंच ठेवून तो गेला आणि जिन्यावर त्याच्या गुडघ्यांचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"बोल ना."

"लावलेलं नाही," मावशी म्हणाली. "होतं ते. भिंतीवर जे आहे ना, ते मी लावलेलं आहे."

"म्हणजे?"

मग मावशीनं सांगितलं. किटली सांगितली. बापानं सगळ्यांना ओळीत उभं केलं ते सांगितलं. तीन तास आणि पातं सांगितलं. 'कोण आहे ही' तेवढं तिनं दोनदा सांगितलं. भाचीनं मध्ये एकदाही तोडलं नाही. रोज प्रत्येक वाक्यात तीनदा तोडणारी पोर.

"बाकीचे फोटो?"

"सगळे. सगळे माझ्याच हाताखालून गेले. घरचा स्टुडिओ, दुसरीकडे कोण काढणार?"

"म्हणजे तिचा एकही..."

"एकही नाही."

भाची पडद्याकडे बघत होती. मावशीनं उभ्या जन्मात चेहऱ्यांशिवाय दुसरं काही वाचलं नव्हतं, पण हा तिला वाचता येईना.

"मला कुणीच का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? तू भिंतीशी बोलायचीस. मी ऐकायचे आतून. तुझ्या आईचं तोंड मी खरडलंय, असं सांगू? कधी सांगू? पाचवीत? दहावीत?"

"कधीही!"

"हो. कधीही." मावशीनं चष्मा काढला, पण पुसला नाही. चष्म्याशिवाय पडद्यावरचा चेहरा नुसता फिका धूसर डाग झाला, आणि भाचीही. बरं वाटलं तिला तसं, बोलायला सोपं. "चौथ्या दिवशी जमलं होतं गं. क्षणभर. अगदी ती होती. मला वाटलं, मागं आहे, कुठं जातेय. आता मला सांगता येत नाही कुठलं बरोबर आणि कुठलं चूक. मी बघितलाच नव्हता ना. आम्ही कुणीच नाही बघितला, बंदी होती. तुझ्या आजीनं नाही, आजोबांनी तर नाहीच. आणि ते सगळे गेलेही."

"मग कशाला काढत बसलीस?"

"कारण तुला कुणी बंदी घातली नव्हती."

भाचीनं वळून बघितलं.

"तू तान्ही होतीस. तुला कोण सांगणार, बघू नकोस म्हणून? तू झोपायचीस तेव्हा तुझा हात तिथं असायचा. तिच्या डाव्या गालावर. दुसऱ्या गालावर ठेवला की रडायचीस. साडेतीन वर्षं रोज. ती म्हणायची, हिला बरोबर कळतं माझं तोंड कुठंय ते." मावशीनं चष्मा चढवला. "मला तुला विचारायचं होतं. रोज सकाळी ठरवायचे, आज विचारू. पण विचारायचं म्हणजे आधी ते सगळं सांगणं आलं. म्हणून म्हटलं, आपलं आपल्याला जमतंय का बघू. म्हणून झाकत होते."

पुढच्या खोलीत टेलिफोन वाजला. शाळेचाच असणार. दोघींपैकी कुणीही उठलं नाही आणि तो थांबला.

"तिनं सांगितलं होतं तुला?" भाचीनं विचारलं.

"काय?"

"पुसायला. तिनं सांगितलं होतं का, की माझा डाग पुस?"

हो म्हणणं सोपं होतं. विचारायला कुणी उरलं नव्हतं.

"नाही," मावशी म्हणाली.

भाचीचा उजवा हात थोडा उचलला गेला होता. बोटं किंचित वाकलेली, तळवा पुढं, पडद्यावरच्या गालापासून वीतभर अंतरावर. तिला ते माहीत असावं असं वाटलं नाही. मावशी श्वास रोखून त्या हाताकडे बघत राहिली, भिंगाखाली बघावं तशी.

"मी बंद करते," मावशी म्हणाली. "आत्ता, तुझ्यासमोर. शाळेचं काम होऊ दे, मीही बसते तुझ्याबरोबर कॉलरी सरळ करायला. मला यादी नको, काही नको. फक्त एवढं सांग. खाली कुठपर्यंत होता गं तो? जबड्यापाशी थांबत होता, की मानेवर उतरत होता? डोळे मीट हवं तर. बोटांना आठवतंय का बघ. एवढंच. एवढंच सांग मला."

भाचीनं हात खाली घेतला. तळव्याकडे एकदा बघितलं, मग मूठ वळली आणि ती मूठ तशीच धरून ती वळली. खुर्चीवर टाकलेला तिचा स्वेटर तिनं दुसऱ्या हातानं उचलला. पुढच्या खोलीतून, भिंतीवरच्या फोटोजवळून, स्टुलावर ठेवलेल्या दुधाच्या पिशवीजवळून ती चालत गेली आणि दार मागं उघडंच टाकून जिना उतरली.